उष्टा नान

सीर दर्या नदीकाठ,
१२ नोव्हेंबर १९९४

चि. शेंडेफळास वहिनीचे अ. उ. आ.

पाकिटावर तुझं नाव पोस्टातल्या राउशानकडून लिहून घेतलं आहे. सासरच्या माणसांची नावं लग्न होऊन आले तेव्हापासून तोंडी घेतली नाहीत, ती आता छप्पन्नाव्या वर्षी कुठे घेऊ?

गावातली वीज ऑगस्टपासून गेली आहे. गेल्या महिन्यात खांबांवरच्या ताराही कुणीतरी काढून नेल्या, म्हणजे ती परत येण्याची आशा संपली. फोन त्याआधीच मुका झाला होता. लहानपणी तू आईंना विचारायचास, की दिवे नव्हते तेव्हा माणसं काय करायची. ये आणि बघ. मेंढीच्या चरबीचा दिवा, शेणाची शेकोटी, नदीवरून पाणी. मी हातावर हात ठेवून बसले होते, पण आईंना सगळं पाठ. ऐंशीव्या वर्षी मला लोकर पिंजायला शिकवतात आणि म्हणतात, पुस्तकं वाचून सून आंधळी झाली. वाचनालय बंद झालं तेव्हा मी चाळीस पुस्तकं घरी आणली. त्यांत पुढच्या काळाची कितीतरी चित्रं आहेत. तारा काढून नेलेल्या गावाचं एकही नाही.

परवा दुपारी तुमचं रॉकेट वर गेलं. आई अंगणात उभ्या राहून विचारत होत्या, यात आहे का तो? मी म्हटलं, अजून नाही. निघताना तू उष्टावलेला नान, उरलेला परतून तूच खायचा म्हणून, दारावरच्या पिशवीत तसाच आहे. बारा वर्षं झाली, उंदरांनाही धीर झालेला नाही. तुझे दादा असते तर म्हणाले असते, पोराने दात तरी जपून ठेवावेत.

इतकंच. माया आटू देऊ नकोस.
तुझी वहिनी
उल्मेकेन


मॉस्कोजवळ,
६ डिसेंबर १९९४

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

पत्र चोवीस दिवसांनी पोचलं. तेवढ्या वेळात पृथ्वीला पावणेचारशे फेऱ्या होतात, हे आईला सांगू नकोस. ती म्हणेल, मग एका फेरीत घरी का डोकावत नाही?

माझं बरं चाललं आहे. फेब्रुवारीत शेवटची वैद्यकीय तपासणी. छातीला तारा लावतात आणि नाडी जराही उडाली की डॉक्टर भुवया चढवतात. तेव्हा मला फक्त गोड बातम्या पाठव, ही तुझ्या दिराची आज्ञा समज. आईला सांग, नान वाळू दे. आकाशातून आलो की उरलेला खाईन म्हणालो होतो, तो शब्द लक्षात आहे.

तिला खोकला झाला असेल तर कळव. नसेल तर तसं कळव.

लोभ तुझ्याकडे जास्त आहे, त्यातलाच थोडा इकडे धाडावा.
तुझा
जोल्दास


सीर दर्याकाठ,
२० जानेवारी १९९५

चि. शेंडेफळास अ. उ. आ.

घरी सर्व ठीक. थंडी फार आहे. मध्यंतरी बरीच माणसं येऊन गेली, घोडाही कापला, त्यामुळे पत्राला उशीर झाला. आई शांत आहेत. खोकला आता नाही.

तू तपासणीकडे लक्ष दे. इकडची काळजी तिथे नेऊ नकोस. नान जागेवर आहे.

शाई गोठते, म्हणून थोडकंच. माया आहे तशीच असू दे.
उल्मेकेन


मॉस्कोजवळ,
१८ फेब्रुवारी १९९५

ती. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

तुझी ५ जानेवारीची तार आणि मागचं पत्र, दोन्ही मिळालं. तारेत ‘सर्व ठीक’ एवढेच शब्द. सर्व ठीक आहे हे सांगायला चाळीस किलोमीटर बर्फातून स्टेशनवर कोण जातं? मी वाचून हसलो आणि इथल्या सोबत्यांना दाखवली.

आता खरं सांगतो. फेब्रुवारीत तपासणी नव्हतीच. ऑक्टोबरच्या दोन तारखेलाच माझं नाव कापलं. हृदयाच्या आलेखात एक ठोका उशिरा पडतो म्हणे. बारा वर्षं राखीव यादीत होतो. दुसऱ्यांचे पोशाख तपासले, दुसऱ्यांना निरोप दिला. ऑक्टोबरपासून मला काहीच काम नाही. खोलीत बसून असतो. कधीही गाडीत बसता आलं असतं, पण पाय उचलला नाही. आई दारावरची पिशवी काढेल आणि मी कुठून आलो म्हणून सांगू?

तू तिला हळूहळू सांग, तुला ते जमतं. ती रागावली की मग मी येतो. रागावली नाही तर जास्त कठीण जाईल.

माझ्यावर लोभ राहिला असेल तेवढा ठेव.
जोल्दास


सीर दर्याकाठ,
२० मार्च १९९५

चि. जोल्दास,

पहिल्यांदाच तुझं नाव लिहिते आहे. ज्यांच्यासमोर ते घ्यायचं नव्हतं, त्या राहिल्या नाहीत.

आई ११ जानेवारीला गेल्या. माणसं आली, घोडा कापला, ते त्यांच्या मातीसाठी. अशी बातमी पत्रातून द्यायची नसते. वडीलधाऱ्यांनी समोर बसून, इकडचं तिकडचं बोलून ती सांगायची असते. पाठवायला माझ्याकडे कुणी नाही.

छातीत कफ भरला होता. फोन नाही, म्हणून ५ तारखेला शेजाऱ्याच्या घोडागाडीतून मी स्टेशनवर गेले. डॉक्टरांच्या गाडीला पेट्रोल नव्हतं. त्यांनी गोळ्या दिल्या. मी तारेचा कागद घेतला आणि लिहिलं, आई अत्यवस्थ, ये. मग तुझ्या छातीवरच्या तारा डोळ्यांपुढे आल्या. उडायला निघालेल्याला मागे कसं ओढायचं? तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. तू सोबत्यांना दाखवलास तो.

मॉस्कोहून गाडी अडीच दिवसांची. आई त्या तारेनंतर सहा दिवस होत्या.

मी हे शंभरदा मोजून पाहिलं आहे. तूही मोजशील, म्हणून आधीच लिहिते. तुझ्यावर रागवावं म्हणते, पण जमत नाही. स्वतःवर रागावते, तेही पुरं पडत नाही. वीज असती, फोन असता, तर तुझा नुसता आवाज ऐकून मला कळलं असतं की तू खोटं बोलतो आहेस. माझ्या आवाजावरून तुलाही कळलं असतं.

शेवटच्या दिवशी आईंनी पिशवी काढायला लावली. नान हातात धरून होत्या. मी म्हटलं, आकाशातून येऊ दे त्याला, मग देऊ. तेव्हा म्हणाल्या, “आकाशातून ये असं मी कधी म्हटलं होतं? दारातून आला तरी पुरे.”

हेही मी जानेवारीत लिहिलं नाही. तुझी नाडी उडेल म्हणून.

परवा नौरीझ, नवं वर्ष. सणाला घरात मी एकटी. नान दगड झाला आहे, चहात बराच वेळ भिजवावा लागेल. तो माझ्या हातून दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि टाकताही येत नाही. दार लोटलेलं असतं, कडी लावत नाही.

तुझी
उल्मेकेन