आईंना कोणता सांधा बसवायचा

मेहकर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय वासंती,

वहिनीचा आशीर्वाद. घरी सगळे सुखरूप आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून आईंचे गुडघे सोडून सगळे सुखरूप आहेत. तूर घरात आली. आरोही यंदा बारावीला आहे. सहा वर्षांनी तुला लिहितेय. हे मला फोनवर बोलता येणार नाही, आणि माझा नंबर पाहून तू उचलशील असंही नाही.

आईंचा उजवा गुडघा पार गेला आहे. पोळ्यापासून ओट्यावरून उतरताना भिंत धरतात. मागच्या महिन्यात बुलढाण्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस. फोटो उजेडावर धरून म्हणाले, मधली गादी झिजली, हाडावर हाड घासतंय. एकाच बाजूला झीज असती तर अर्धा सांधा बदलून भागलं असतं, आता पूर्ण बदलावा लागेल. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, खालच्या हाडावर धातूची चकती, मध्ये प्लास्टिकची गादी. त्यातही प्रकार. कुणाची गादी पक्की बसवलेली, कुणाची किंचित फिरणारी, आणि एक सांधा जरा जास्त वाकणारा.

तुझे दादा लगेच, "साहेब, चांगल्या कंपनीचाच टाका. वारंटी किती वर्साची?"

"काऊन बे, मी काय ट्रॅक्टर व्हय?" आई म्हणाल्या. मग डॉक्टरांना, "मांडी घालून बसता येईन काय, तेवढं सांगा."

"आज तुमचा गुडघा किती वाकतो त्यावर आहे, आजी. कोणताही बसवला तरी उकिडवं बसून शेत निंदायचं नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "खोट्या दागिन्यानं, घड्याळाच्या पट्ट्यानं अंगाला खाज येते का?"

"नाही." फार पटकन म्हणाल्या.

दर उन्हाळ्यात त्यांच्या मानेला खोबरेल तेल मीच लावते, वासंती. मला राहवलं नाही. "आई, मानेवर चट्टे येतात ना?"

"घामानं येते ते."

डॉक्टरांनी उठून पाहिलं. गळ्यातल्या एकदाणीच्या मण्यांखाली लालकाळी रेघ होती. "ही सोन्याची नाही."

"सोन्याचीच हाय, साहेब. आमच्या बाबांनी घडवली," दादा म्हणाले. बदललेली आहे हे आईंना कळू नये, एवढंच त्यांच्या मनात.

डॉक्टर शांतपणे आईंशीच बोलले. नेहमीच्या सांध्यात थोडं निकेल असतं. ज्यांच्या कातडीला ते सोसत नाही त्यांच्यासाठी वेगळा, लेप दिलेला सांधा घ्यायचा विचार करतात. "खरं सांगा आजी, नाहीतर माझी निवड चुकेल."

"खोटी हाय," आई म्हणाल्या. "खरी वासंतीपाशी हाय. मीच देल्ली. पोरीच्या लग्नात मायनं तिच्या गळ्यात काई तरी घालाव लागते. बापाच्या मनाविरुद्ध लगन, इकडून तर कोणी गेलंच नाही. तिच्या बापाले कळू देऊ नको म्हणून तिले शपथ घातली होती."

दादा उठून बाहेर गेले. सहा वर्षांपूर्वी फोनवर ते तुला 'चोरटी' म्हणाले होते, हे आईंना आजवर माहीतच नव्हतं. परतताना गाडीत दादांनी ते आईंना स्वतःच सांगितलं.

त्यांनी माझं नाव मात्र घेतलं नाही.

तुमच्या बीबी गावच्या बाजारात मी तुला पाहिलं होतं. भाजी घेत होतीस. हाक मारली नाही. घरी येऊन मी तुझ्या दादांना म्हणाले, "आईंची एकदाणी वासंतीच्या गळ्यात आहे. खोटी ठेवून घरातली खरी नेली असेल." एवढंच. तेव्हा माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि ती एकदाणी मी कधी हातातही धरली नव्हती. तुझ्या गळ्यात पाहून आधी माझ्या पोटात दुखलं. संशय त्यानंतर आला. मी त्याला पहिला मान दिला.

आणि तू दादांना एका शब्दानं उलट बोलली नाहीस. बोलली असतीस तर आईंचं नाव घ्यावं लागलं असतं. बाबा वारले तरी तू शपथ मोडली नाहीस.

परवा मी आईंना माझं ते बोलणंही सांगितलं. काल मी तेल घेऊन गेले, तर वाटी माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच लावलं.

पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी झाली. निकेल खरंच सोसत नाही. लेपाचा सांधा ठरला. ऑपरेशन तीस तारखेला. दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवून घ्यायचा, दुखलं तरी थांबायचं नाही, नाहीतर कायमचा आखडतो म्हणे. आई दादांसमोरच म्हणतात, "हा भागवत रडते, सुचिता सोडून देते. वासंतीले बोलवा. तिले माया हाय, पण दया नाही."

म्हणून ये. दादा तुला घ्यायला बीबीला येणार आहेत. त्यांना धड बोलता येणार नाही, दारात उभे राहतील. त्यांना आत घे.

आणि माझं तोंड पाहायचं नसेल, तर तसं त्यांच्याजवळ सांग. मी रोहिणखेडला माहेरी जाऊन राहीन, गुडघा वाकेपर्यंत. आरोहीला स्वयंपाक येतो. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होते, पण आता तुला खोटं काही लिहायचं नाही.

तुला दोष देणारं ते वाक्य जिच्या तोंडून निघालं, ती,
सुचिता