मशीनचं तोंड दाराकडे

परळ, मुंबई
१२ जानेवारी २०२५

चि. जगदीश यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद, घरातल्या सगळ्यांना जय भीम.

तुझं पत्र पोचलं. हल्ली फोनवर तुझं बोलणं तुटक-तुटक येतं. तुमच्या गावाला रेंजच नाही मेली. त्यापेक्षा पत्र बरं, दोनदा वाचता येतं. मनालीच्या आईचे गुडघे कसे आहेत? नुसतं तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखव.

तुझ्या लेकीने माझी खोली उलटीपालटी केली. ती ज्या कंपनीत आहे ना, ते लोक ऑफिसांतली टेबलं-खुर्च्या मांडून देतात आणि तिथे म्हणे मोठमोठे साहेब फेंगशुई बघितल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलवत नाहीत. चिनी लोकांचं आहे ते. काम करणाऱ्याने दाराकडे पाठ करून बसायचं नाही. पाठीशी भिंत हवी, समोर दार हवं. माझं मशीन तीस वर्षं खिडकीपाशी, म्हणजे दाराकडे पाठ. गेल्या महिन्यात रविवारी तिने शेजारच्या दत्तारामला हाताशी धरलं आणि मशीन फिरवलं. आता मला दार दिसतं, गॅलरी दिसते, डोळ्याच्या कोपऱ्यातून गॅससुद्धा दिसतो. उजेड मागून येतो म्हणून हातावर सावली पडायची, तर तिने मशीनला चिमटा लावून दिवा बसवला. शिवाय एक लाल बल्ब. बाहेर कुणी बेलचं बटण दाबलं की तो माझ्यासमोर पेटतो. त्याला ती अग्नितत्त्व म्हणते.

तू हसशील, पण गुण आला बघ. ऐन लग्नसराईत माझे हात रिकामे होते. आता आठवड्यात अकरा ब्लाऊज आले. शिवाजी पार्कच्या शैलाबाई, ते बँकेतून रिटायर झालेलं माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांनी खुश होऊन एक हसरा बुद्ध आणून दिला. ढेरपोट्या आहे. रिळांच्या फळीवर ठेवलाय, त्याच्या गळ्यात मी मापाची टेप अडकवते. आता रागावून चार पानं लिहू नकोस. दोन चालतील.

माया आहे तशी राहू दे.
तुझी ताई,
कौसल्या


चिपळूण
१९ जानेवारी २०२५

चि. मनाली हिस,
अ. उ. आ.

आत्याचे पत्र वाचले. तिला काही लिहीत नाही, कारण ती माझी थोरली बहीण आहे. तुला लिहितो, कारण तू माझी मुलगी आहेस.

ज्या घरात तुझ्या आजोबांनी मिलमधून दमून आल्यावरही आम्हाला समोर बसवून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या, त्याच घरात तू चिनी शकुन-अपशकुन आणलेस? मशीन फिरवल्याने गिऱ्हाईक येते, हे तुला कोणत्या कॉलेजात शिकवले? मी तीस वर्षे शाळेत पोरांना एकच गोष्ट शिकवली: ‘का’ ते विचारा. स्वतःच्या घरात मात्र ती शिकवायची राहून गेली असे दिसते. आणि तो ढेरपोट्या! तथागताच्या नावाने दुकानात विकायला ठेवलेले ते खेळणे आहे. त्याच्या पोटावरून हात फिरवून कुणाचे भले होत नसते.

आत्या भोळी आहे. काम कमी झाले म्हणून घाबरली असेल. अशा वेळी माणसाला धीर द्यायचा असतो, अंधश्रद्धा नव्हे. तू हे का केलेस ते सविस्तर कळव. फोन करू नकोस. फोनवर मला राग आवरत नाही.

आई तुझी आठवण काढते. जेवणाची आबाळ करू नकोस. रागावलो आहे, तरी आशीर्वाद नेहमीचेच.
तुझा,
बाबा


परळ, मुंबई
२६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आज सुट्टी आहे. आत्या खाली झेंडावंदनाला गेलीय, तेवढ्यात लिहिते.

बाबा, माझा फेंगशुईवर काडीचा विश्वास नाही. ऑफिसमध्ये क्लायंट मागतात म्हणून चार नियम पाठ झालेत. तुमच्याशी खोटं बोलणार नाही, आत्याशी मात्र बोलले. कारण सांगते.

आत्याला ऐकू येत नाही. डाव्या कानाने जवळजवळ नाहीच, उजव्याने थोडं. रेंज तुमच्या गावाची जात नाहीय. ती समोरच्याचे ओठ बघून उत्तरं देते, इतकी सफाईने की मलाही इथे राहायला आल्यावर चार महिन्यांनी कळलं. मशीनवर बसली की पाठ दाराकडे. बायका गॅलरीतून हाका मारायच्या, ही मान वर करायची नाही. एका नवरीची आई तीनदा हाक मारून परत गेली आणि चाळभर सांगत सुटली की कौसल्याबाईंना आता माज आलाय. गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं. आत्याला वाटायचं, आपला हात बिघडला. शिवलेले ब्लाऊज उसवून पुन्हा पुन्हा टाके तपासायची.

डिसेंबरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, शेवटी वॉल्व उडाला. डाळ करपल्याचा वास येईपर्यंत ती दोन हातांवर पाठ करून शिवत होती. त्या दिवशी मी म्हटलं, आत्या, कान दाखवून येऊ या. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पुन्हा हा विषय काढलास तर दुसरीकडे खोली बघ.

मग मी चिनी लोकांच्या आड लपले. तिने दाराकडे तोंड करून बसावं, एवढंच मला हवं होतं. तो हसरा बुद्ध माझा नाही, शैलाबाईंचा आहे. त्याला उगाच माझ्या नावावर घालू नका.

चूक असेल तर रागवा. पण तिला काही बोलू नका, प्लीज.
तुमच्या लोभाची भुकेली,
मनाली


चिपळूण
४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडले. मनालीने मला एक गोष्ट सांगितली आणि तुला सांगू नका असे बजावले. मी तिचा शब्द मोडतो आहे. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्याशी खोटे वागणे मला जमायचे नाही.

मनालीने मशीन फिरवले ते फेंगशुईसाठी नव्हे. हाक मारणारा माणूस तुला दिसावा म्हणून फिरवले. तुला ऐकू येत नाही, हे तिच्या लक्षात आले. माझ्या आले नाही. दर फोनला मी रेंजला शिव्या घालत राहिलो आणि मास्तर म्हणून मिरवत राहिलो.

ताई, तुला आठवते का? डी.एड.ला होतो तेव्हा मी शिवडीच्या तुझ्या गारमेंट कारखान्यात डबा घेऊन यायचो. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस मशिनी एकदम चालायच्या. मी ओरडून हाक मारायचो आणि तू माझ्या ओठांकडे बघून हसायचीस. मला वाटायचे, काय गंमत आहे! संध्याकाळी घरी आलीस की चाळीतल्या गलक्यात माझा अभ्यास व्हावा म्हणून मला कानात घालायला कापसाचे बोळे करून द्यायचीस. तुझ्या स्वतःच्या कानांत एकोणीस वर्षे कुणी कापूस घातला नाही. तू त्या शेडमध्ये बसलीस म्हणून मी वर्गात उभा राहिलो. हे मी तुला कधी म्हटले नाही. आज म्हणतो आहे, तेही कागदावर.

मनालीला मी कडक पत्र लिहिले होते. ते मागे घेतो. ‘का’ ते विचार, असे मीच तिला शिकवले आणि तिने ते माझ्यापेक्षा नीट केले.

तू तपासून घे. म्हणशील त्या दिवशी मी मुंबईला येतो.
तुझ्या मायेवर वाढलेला,
जगदीश


परळ, मुंबई
१६ मार्च २०२५

चि. जगदीश यास,
पोटभर आशीर्वाद. सगळ्यांना जय भीम.

उत्तराला उशीर झाला. सांगण्यासारखं काहीतरी हातात येऊ दे म्हणून थांबले होते.

तुझं पत्र वाचून मी रडले, हे खरं. पण तू मोठं गुपित फोडलंस असं समजू नकोस. मला ठाऊक होतं. जानेवारी संपता संपता शैलाबाईंच्या घरी माप घ्यायला गेले होते. त्यांनी फेंगशुईचं मराठी पुस्तक हातात दिलं. त्यात पहिल्याच पानांवर दाराशी वाजणाऱ्या घंट्यांची माळ लावा म्हणून लिहिलेलं. त्यांच्या दाराला ती होतीही. मी तिथेच बसून विचार केला, तुझ्या लेकीने मला इतकं सगळं लावून दिलं, त्यात वाजणारं एकही नाही. सगळं दिसणारं. मग मला कळलं. घरी येऊन तिला काही बोलले नाही. आपल्यासाठी कुणी इतक्या खटपटीने खोटं बोलतंय, ते मला थोडे दिवस तसंच राहू द्यावंसं वाटलं. सवयच नव्हती रे.

लपवलं का, ते सांगते. कारखान्यात ज्या बाईला सुपरवायझरची हाक ऐकू गेली नाही, तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे. माझ्या शेजारची बाई तशीच गेली. तेव्हापासून ओठ वाचायला शिकले. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, पण भीती काही बंद पडली नाही.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी मनालीला म्हटलं, चल, कान दाखवायला. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणजे तिच्याच वयाची पोरगी. तिने विचारलं, कुठे काम करत होतात? मी सगळं सांगितलं. कारखाना, एकोणीस वर्षं, तुझं डी.एड. मनालीला यातलं काही माहीत नव्हतं. मास्तर, पोरीला स्वतःच्या शाळेची गोष्ट तरी सांगायचीस! बाहेर बाकड्यावर येऊन ती रडत बसली. मला तिचं रडणं ऐकू आलं नाही. पण तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बोटं पांढरी पडली.

डावा कान गेला तो गेला. उजव्याला यंत्र बसवलंय. पहिल्या दिवशी लावून रस्त्यावर आले आणि लालबागच्या नाक्यापर्यंतसुद्धा टिकले नाही, काढून पर्समध्ये टाकलं. लोक एवढा गोंगाट रोज सोसतात? आता घरात लावते. परवा मनाली कोपऱ्यात हळूच फोनवर आईला सांगत होती की आत्या फार हट्टी झालीय. मी मशीनवरूनच तिला सांगितलं की हट्टी नाही, फक्त ऐकू यायला लागलंय. पोरीच्या हातातून फोन पडायचा राहिला.

तू यायचं म्हणतोस तर बुद्धपौर्णिमेला सगळेच या. तुझ्यासाठी सदरा बेतून ठेवलाय, पोट वाढलं असेल तर आधी कळव. आणि मी शेडमध्ये बसले ते मनात घेऊन कुढू नकोस. तू पहिल्यांदा शाळेत रुजू झालास त्या दिवशी मी कारखान्यातल्या अख्ख्या लाइनीला पेढे वाटले होते. माझ्या आयुष्यात तेवढ्या ताठ मानेने मी कधी चालले नाही.

कालच एक पाटी रंगवली, माझ्या हाताने. लिहिलंय की मला कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला, शिलाई पहिल्यासारखीच चांगली आहे. मनालीने विचारलं, कोणत्या दिशेला लावू या? मी म्हटलं, माणसाला दिसेल तिथे.

तुम्हा सगळ्यांची वाट बघणारी,
ताई