आत्याच्या कादंबरीचं परीक्षण

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कादंबरीचं बाड मिळालं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर तू स्वस्थ बसणार नाहीस हे ठाऊक होतं, पण थेट कादंबरी! बाबा म्हणाले, ताई लहानपणापासून थापा मारण्यात पटाईत, आता त्याला वाङ्मय म्हणायचं.

मत अगदी खरं सांग, असं तू बजावलंस आणि माझी पंचाईत झाली. शेवटी माझ्या प्रबंधातल्या म्हातारबुवांनीच धीर दिला. एकोणिसाव्या शतकातल्या या गृहस्थांनी नाटकं लिहिली, व्याकरण लिहिलं, शेतीवर पुस्तक लिहिलं, मासिक चालवलं. मी अभ्यासतेय ती त्यांची टीका. जिवलग मित्राच्या नाटकाबद्दल ते लिहितात की दोन अंक नाटककार झोपला आहे आणि त्याच्यासोबत आम्हीही. पण पुढे म्हणतात, तिसऱ्या अंकात जी विधवा येते, तिला बघायला आम्ही पायी येऊ. मित्राने नाटक पुन्हा लिहिलं.

म्हणून सांगते. तुझ्या नायिकेचं पणजोबांपासूनचं घराणं वाचताना मला पेंग आली. पण ती टेलिफोनच्या बोर्डावर कॉल जोडते आणि आपलेच वडील कुणाला तरी सांगताना ऐकते की आमची मुलगी नोकरीबिकरी करत नाही, घरीच असते. तिथे मी उठून बसले. कादंबरी तिथून सुरू होते. आधीचं काढून टाक.

माझंही एक प्रकरण सोबत पाठवतेय, वाच. रागवायचं तर रागव, पण अबोला नको.

तुझी भाची

२४ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

उत्तर नाही. फोन केला तर शेजारच्या काकूंनी उचलला आणि तू बाहेर गेल्याचं सांगितलं. मागून तुझा खोकला ऐकू येत होता.

भाची

९ एप्रिल

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

हो, घरातच होते. तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. जिला मी बोट धरून मुळाक्षरं गिरवायला लावली, पुस्तकं फस्त करते म्हणून जिचं नाव वाळवी ठेवलं, ती मला लिहायला शिकवणार! बाड माळ्यावर टाकलं. मग एका सकाळी उतरवलं आणि तू म्हणतेस तिथून वाचायला घेतलं. दूध उतू गेलं तरी उठले नाही. अगं मेले, खरं आहे तुझं. पणजोबांना रजा दिली.

आता तुझी पाळी. तुझ्या प्रकरणात म्हातारबुवांवर नुसत्या चवऱ्या ढाळल्या आहेस. बायकांनी चूल नि मूल एवढंच लिहावं, असं ते एके ठिकाणी म्हणतात. तू ते मुकाट्याने उतरवून घेतलंस आणि पुढे गेलीस. मी मात्र त्या पानावर अडले. आयुष्यभर बोर्डावर बसलेल्या बाईने मग काय लिहावं? त्यांनी जिवलग मित्राला सोडलं नाही. तू त्यांना का सोडतेस?

पत्राच्या शेवटी लोभाची मागणी करतात. मी मागत नाही, तो आहेच.

आत्या

३० मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने दोन दिवस माझं तोंड फुगलं होतं. हे घराण्यातच असावं. मग ते प्रकरण पुन्हा लिहिलं: टीका कशी करावी हे म्हातारबुवांकडून शिकावं आणि बायकांच्या लेखनाबद्दल ते कुठे चुकले हे त्यांच्याच कसोटीवर दाखवावं. त्यांच्याशी भांडताना ते मला पहिल्यांदा जिवंत वाटले.

आधीचा मसुदा परत करताना मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या की यात तू कुठे आहेस? या वेळी त्या माझ्याशी तासभर वाद घालत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, आता प्रबंध सादर कर. प्रबंध दिलाय, वर्षअखेरीस तोंडी परीक्षा, ती सर्वांना खुली असते. कुणीही प्रश्न विचारू शकतं.

तुझी भाची

१२ जून

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

कादंबरी प्रकाशकाने घेतली! त्यांच्या संपादकांचं म्हणणं, शेवटी नायिकेने नोकरी सोडून वडील म्हणतात तसं घरी बसावं. मी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हटलं. प्रत्येक टीका ऐकावी, पण प्रत्येक मानलीच पाहिजे असं नाही, एवढं आता कळतं.

तुझ्या परीक्षेला येतेय. टाळ्या वाजवायला कुणी दुसरं शोध. मी प्रश्न विचारणार आहे.

आत्या