झाडाखाली खड्डा काऊन नाई?

बाई, चांद्याच्या ट्रेनिंग शाळेतली ती सकाळ आज पुन्हा आठवते आहे. सातवी पास होऊन मास्तर व्हायला आलेले आम्ही, त्यात मुली मोजक्याच. खिडकीबाहेरच्या सागाकडे बोट दाखवून तुम्ही विचारता, "एवढं लाकूड आलं कुठून?" सगळ्यांत मोठा आवाज माझाच. "मातीतून, बाई. झाड माती खाते." चामोर्शीकडच्या धान पिकवणाऱ्याची मी लेक, मातीतलं मला कोण शिकवणार! तुम्ही रागावला नाहीत. "मंग त्याच्या बुडाशी खड्डा काऊन नाई पडला?"  मला हसू आलं, मग हसू थांबलं.

तुम्ही वाळवलेली माती तोलून कुंडीत भरलीत आणि कोहळ्याचं बी मला लावायला दिलंत. वेल छपरावर चढला, कोहळी धरली. मग तो मुळासकट उपटून माती पुन्हा उन्हात वाळवली, वाण्याचा तराजू आणला. वजन जवळजवळ तेवढंच! मी परत तोलायला लावलं. "कोणी माती टाकली असन यात." तुम्ही म्हणालात, "नाई व पोरी. वेल पाणी पिऊन राह्यला अन् पानानं हवा घेऊन राह्यला. उन्हात त्याचंच अंग बनवते तो." हवेचं लाकूड होतं, हे मला कितीतरी दिवस पटलं नाही.

परीक्षेच्या पाठाला तपासणीचे साहेब आले. मी नापास झाले तर घरी परत आणि वडिलांनी पाहून ठेवलेलं स्थळ. पुस्तकात छापलं होतं, झाडाचं अन्न जमिनीत असतं. तेवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मुलांसमोर उभी राहिले आणि तोंडातून खड्ड्याचाच प्रश्न निघाला. साहेब उठले. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"  म्हटलं, "पुस्तकात नाई, साहेब. मी तोलून पाह्यलं. दोनदा."  साहेबांनी मागं बसलेल्या तुमच्याकडे वळून हळूच विचारलं, "तर मग शेतात खत कशाला घालतात?" तुमचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "जेवणात मीठ लागते ना साहेब, तसं. थोडंच, पण त्याच्याबिगर चालत नाई." मी पास झाले. अहेरीला नोकरी लागली, जन्म शिकवण्यात गेला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. आणि खरं सांगते बाई, तुमची फार आठवण आली म्हणून लिहायला बसले असंही नाही. काल नातीनं विचारलं, "आजी, कोठीतलं धान जिवंत असते का? श्वास घेते?" मला धड सांगता आलं नाही, आणि विचारावं असं आता दुसरं कोणी उरलं नाही.