उलट्या आट्यांचं झेफिरा

प्रिय नीवेस,

अक्षर लागलं नाही तर मला शिव्या घाल, पण शेवटपर्यंत वाच. निब नुसती कागद ओरबाडतेय, दर दोन शब्दांनी शाई अडतेय. दिवसभर तुझे पाय भातखाचराच्या पाण्यात, वर मुकादमाची बोलणी, त्यात माझं हे असलं पत्र. पण निंदणी संपवून तू घरी येईस्तोवर थांबणं मला जमायचं नाही गं. सासूबाई बऱ्या आहेत. मक्याचा पोलेंटा अजून रशियात गेलेल्या दोन्ही पोरांपुरता जास्तच शिजवतात आणि उरला की माझ्यावर डाफरतात, तुम्ही सुना चिमणीएवढं खाता, पोरं आली की मलाच बोल लावतील.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर कुनेओकडचा एक जवान चौकात उभा होता, रेमो नावाचा. रशियातून जे थोडे परतले त्यातला. माघारीत बर्फात त्याच्या शेजारी एक जण गेला. चेहरा फडक्यांत गुंडाळलेला, गळ्यातला बिल्ला हरवलेला. त्यानं याच्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "सेत्तिमो गावात नेऊन दे. आमच्या अंगणात घडवलंय." नाव सांगायच्या आत संपला. पेनावर 'झेफिरा' कोरलेलं. रेमो बिचारा विचारत सुटला, झेफिरा कुणाचं? त्याला काय ठाऊक, आपल्या गावात पेनावरचं नाव म्हणजे लग्नापुरता उसना आणलेला कोट. दुकानदार म्हणेल ते नाव आपण ठोकतो, सकाळी एक, दुपारी दुसरं, माल तोच.

मग ते पेन चौकात हातोहात फिरलं. पिएरिनकाकांनी अंगठ्यानं घासून सेल्युलॉइडचा कापरासारखा वास घेतला, टोपणाची पट्टी दाताखाली दाबून पाहिली, म्हणाले माल इथलाच, पण आतले आटे पाहिल्याशिवाय हात कुणाचा ते सांगता येणार नाही. आणि टोपण तर कुणालाच उघडेना. काका पिळून पिळून लाल झाले आणि म्हणाले, हे पेन आहे की आपल्या पाद्रीबाबांचा बटवा? कुणी हसलं नाही. ज्यांची ज्यांची माणसं परतली नाहीत त्या सगळ्या तिथं होत्या. एकेक जण पेन हातात घ्यायची, आमचं नव्हे म्हणायची आणि भिंतीला टेकायची.

मी लांबूनच ओळखलं होतं. तो शेवाळी हिरवा, त्यातल्या राखाडी शिरा. तूही ओळखलं असतंस. कुनेओच्या त्या चिकट दुकानदाराची मागणी आठवते? आपल्या या दोघा शहाण्या नवऱ्यांनी स्वस्तात मिळालं म्हणून आटे पाडायचं हत्यार आणलं आणि ते निघालं उलट्या आट्यांचं. अख्खा माल तयार झाला तरी दोघांच्या लक्षात नाही! दुकानदारानं सगळा परत पाठवला, गिऱ्हाइकं टोपणं मोडतील म्हणाला. सासूबाईंनी दोघांना जेवायला वाढलं नाही आणि सगळी पेनं मोडून टाकायला लावली. फक्त दोन वाचली, एक माझ्या सेव्हेरिनोनं ठेवलं, एक तुझ्या ओतावियोनं. असलं पेन कुणी उसनं मागत नाही, मागितलं तरी उघडता येत नाही, म्हणून दोघं केवढे खूश! सेव्हेरिनो तर म्हणायचा, जग सरळ पिळतं, मी डावरा, मला हेच शोभतं. शाळेत नन बाईंनी डाव्या हातावर छड्या ओढल्या तरी त्यानं तो हात सोडला नाही.

मी पेन मागून घेतलं. घरी आपल्या अंगणातल्या लेथपाशी गेले आणि टोपण उलटं फिरवलं. अलगद उघडलं, नीवेस. म्हणजे दोघांतला एक. मी तिथंच भुश्यात खाली बसले. काय मागू देवाकडे? माझा जगू दे म्हटलं की तुझा मरतो. तुझ्याच पलंगाशेजारच्या पलंगावर मी निजते, तुझा मोजा मी रफू करते, आणि तरी मी मागितलं गं. तोंडानं नाही, पण मागितलं. तू माझ्या जागी असतीस तर तूही मागितलं असतंस, नाही का? दोन्ही पेनं एकाच दांडीतली, एकाच दिवसाची. वेगळी सांगणार कशी, या विचारानं डोकं फुटायची पाळी आली. शेवटी त्याच पेनाची निब धुतली, दौतीत बुडवली आणि तुला हे पत्र लिहायला बसले.

आपण पेनवाल्यांच्या घरच्या, तुला वेगळं काय सांगू. निब ज्याच्या हातात वर्षानुवर्षं चालते त्याच्या हाताच्या कलानं झिजते. ओतावियोचं पेन असतं तर माझ्या उजव्या हातात लोण्यासारखं चाललं असतं. पहिल्या ओळीपासून बघतेय, मान तिरकी केली, कागद फिरवून पाहिला, ती ओरबाडतेच आहे. मघाशी डाव्या हातात धरलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण निब हूं की चूं न करता चालली. तुझा कुठं आहे ते देव जाणे, पण बर्फातला तो नव्हे. गावातून कुणी खाचरावर येऊन काही सांगायच्या आत हे तुला कळावं म्हणून लिहिलं. काळा झगा मी माझ्यापुरता काढलाय, तू तुझा निळाच घालून ये. पण लवकर ये. सासूबाईंना एकटीनं सांगायचं धाडस मला होत नाही, आणि पोलेंटा आता एकाचाच जास्त शिजवायचा, हेही त्यांना सांगायचंय.

तुझीच जाऊ,
डेल्फिना