थंडीचं गवत

बुरैदा, १४ सप्टेंबर २०१२

आमचा फुटबॉल क्लब रियाधला चालला! निदान रफीक तरी तसं म्हणतोय. रफीक श्रीवर्धनचा, माझा खोलीतला जोडीदार. खेळाडूंचे कपडे धुतो. मोजे पिळता पिळता सगळ्या बातम्या त्याला आधी कळतात.

रियाधला सरकारी पैशानं नवं स्टेडियम बांधलंय. साठ हजार खुर्च्या. आणि आता तिथं खेळायला टीम नाही! म्हणजे पाळणा आधी आणला, आता मूल शोधतायत. आमच्याकडे प्रेक्षक चारशे. त्यातले शंभर जण खजूर विकून झाल्यावर पाय मोकळे करायला येतात. पण एकोणीस वर्षं मी त्या चारशेंसाठी गवत राखतोय, आणि चारशेतले तीनशे मला नावानं ओळखतात. म्हणजे माझ्या मुलीच्या, दुआच्या नावानं. इथं सगळे मला ‘अबू दुआ’च म्हणतात. फकरुद्दीन फक्त इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर.

१७ सप्टेंबर

मुदीरनं, म्हणजे क्लबच्या मॅनेजरनं, ऑफिसात बोलावलं. खुर्चीवर बस म्हणाला, मी कडेवर टेकलो.

गावातल्या खजूर व्यापाऱ्यांनी वर अर्ज केलाय — क्लब आमचा, इथेच ठेवा, हवं तर आमचंच स्टेडियम दुरुस्त करा. वरून उत्तर आलं. डिसेंबरात कमिटी येईल, मैदान बघेल. मैदान चांगलं असलं तर क्लब इथेच आणि दुरुस्तीला सरकारी पैसा. नाहीतर रियाध.

“अबू दुआ, क्लब तुझ्या हातात आहे,” म्हणाला. खांद्यावर हातही ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

१८ सप्टेंबर

खांद्यावरच्या हाताचा अर्थ रफीकनं सांगितला. “मियां, खुळा काय तू? सरकारी पैसा आला का मैदानावर सगली सौदी मानसां ठेवाची, अशी अट हाय. तुजा खलास. क्लब रियादला गेला तर तितली नवी कंपनी जुन्या मानसांना दोन वर्सां ठेवनार.”

दुआचं नर्सिंगचं शिक्षण संपायला बरोबर दोन वर्षं आहेत.

म्हणजे मैदान हिरवं ठेवलं की मी घरी. पिवळं पडलं की नोकरी पक्की. असली नोकरी अल्लानं आणखी कुणाला दिली असेल तर मला त्याला भेटायचंय.

२२ सप्टेंबर

हम्मादबद्दल या वहीत कधी लिहिलंच नाही. लिहायला हवं होतं.

हम्माद माझा साहेब. वय चोवीस. सौदी माणसं कमी म्हणून सरकारनं आमच्या क्लबला पिवळ्या यादीत टाकलं, तेव्हा घाईघाईनं त्याला ‘मैदान व्यवस्थापक’ करून टाकलं. पहिला महिनाभर फक्त सही करायला यायचा. तो येऊन गेला की तासभर मैदानाला अत्तराचा वास यायचा, आणि गवताला काय वाटत असेल असं मी रफीकला विचारायचो.

मग एकदा मी गोलसमोरचं उखडलेलं गवत लावत होतो. मी ते आमच्या भाताच्या लावणीसारखंच लावतो — वाकायचं, चिमटीत चार काड्या धरायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि मागे मागे सरकायचं. गोऱ्या कोचला वाटतं हे शास्त्र आहे. हम्माद बघत उभा होता. थोड्या वेळानं चपला काढल्या, थोबाला, त्या पायघोळ झग्याला, कमरेशी गाठ मारली आणि उतरला की चिखलात! पहिल्या दिवशी पुढे पुढे सरकत स्वतःच लावलेलं सगळं तुडवत गेला. आता माझ्यापेक्षा सरळ ओळ लावतो.

“तुमच्याकडे या भातात फुटबॉल कुठं खेळतात?” लावणीचं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं होतं. हसून हसून माझी कंबर धरली.

१ ऑक्टोबर

उन्हाळ्याचं गवत थंडीत झोपतं आणि पिवळं पडतं. म्हणून दर वर्षी एक ऑक्टोबरला त्याच्यावर थंडीच्या गवताचं बी पेरायचं. की हिवाळाभर मैदान हिरवं. बी कोठारात येऊन पडलंय.

आज पेरलं नाही. पाठ दुखतेय.

पाठ दुखत नाही. निदान वहीशी तरी खोटं बोलू नये.

४ ऑक्टोबर

हम्मादनं विचारलं, “कधी पेरायचं?” म्हटलं, अजून ऊन फार आहे. बरं म्हणाला.

१२ ऑक्टोबर

बायकोचा, मुन्नीचा फोन. जुम्म्याला फोन केला की आधी अर्धा तास शेजारणीच्या भानगडी, मग मुद्दा. आज मुद्दा आधी. “तुमी इतक्यात येव नको. पोरीचा शिक्षन पयला होव दे. मग या आनी बसा अंगनात.” तिला मैदानाचं काही सांगितलेलं नाही. तिनं हे आपलं सहज म्हटलं. पण सहज म्हटलेलंच जास्त लागतं. आणि खरं सांगायचं तर अंगणात बसायची मला भीतीच वाटते. सुट्टीत गेलो की मुन्नी पाहुण्याचे कप काढते.

२७ ऑक्टोबर

काल ईद. हम्माद घरून कुर्बानीचं मटण आणि भात घेऊन आला. आमच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला आणि रफीकची मिरची खाऊन रडला. त्याच्या आजोबांनी गावातल्या माणसांना घेऊन या मैदानावरचे दगड वेचले होते, ते सांगत होता. तेव्हा स्टेडियम नव्हतं, भिंतही नव्हती. आजोबांना फुटबॉल कळायचा नाही, पण पोरांचे पाय फुटतात म्हणून वेचले.

घास घशाखाली उतरला नाही, असं लिहिणार होतो. उतरला. दोनदा भात घेतला. माणूस किती निगरगट्ट असतो!

१० नोव्हेंबर

कडेनं पिवळं पडायला लागलं. आता पेरलं तरी उगवेल, पण आठवडाच हातात आहे. पुढं थंडी बी उगवू देणार नाही.

दुपारी कोठारात गेलो. पोत्याची शिवण उसवली. मूठभर बी हातात घेऊन बसलो. मग परत आत टाकलं आणि शिवण घातली. चांगली घातली, दुहेरी.

१३ नोव्हेंबर

नाही पेरलं.

१७ नोव्हेंबर

नाही पेरलं. आता प्रश्नच मिटला. रात्री झोप मस्त लागली, त्याचाच राग येतोय.

१२ डिसेंबर

कमिटी आली. पाच साहेब आणि त्यांचे फोटो काढायला तीन माणसं. आधी खजूर, मग कावा, मग व्हीआयपी संडासाची मापं. सगळ्यात शेवटी मैदान.

मैदान वाळक्या पेंढ्यासारखं. एक जाडा साहेब बुटाच्या टोकानं उकरत म्हणाला, “याची जबाबदारी कुणाची?”

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. त्या चपला आता जन्मभर डोळ्यांसमोरून जाणार नाहीत.

हम्माद पुढे झाला. “माझी. बी पेरायला मी उशीर केला. हा कामगार आहे. मी सांगेन तेव्हा पेरतो.”

मुदीर त्याला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. मी एक शब्द काढला नाही. एक शब्द! नंतर नळावर हम्माद भेटला, तर मलाच म्हणाला, “तू जेवलास का?”

२ जानेवारी २०१३

क्लब रियाधला जाणार. आज कागद आला.

एक म्हातारा व्यापारी पॅव्हेलियनमधल्या आपल्या खुर्चीवर येऊन बसला, उठेचना. “ही खुर्ची तीस वर्षं माझी आहे, हिच्यासकट न्या,” म्हणाला. पोलीस आला, तोही थोडा वेळ शेजारी बसला.

हम्मादला कामावरून काढलं. सौदी माणसांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून एवढं सगळं चाललंय, आणि आमच्याकडे पहिली नोकरी गेली ती सौदीचीच. रफीक हसला. मी पण हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला माझी लाज वाटते. बस, लिहिलं.

रियाध, ९ फेब्रुवारी

इकामा दोन वर्षांचा झाला. दुआ फोनवर “थँक्यू अब्बा” म्हणाली, इंग्रजीत.

स्टेडियम म्हणजे विमानतळच. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. गवत सतरंजीसारखं गुंडाळून आलं, अंथरलं, झालं. मी पाण्याचं बटण दाबतो. परवाच्या मॅचला प्रेक्षक तीनशे. साठ हजारांत तीनशे! गोल झाला तेव्हा टाळ्यांपेक्षा त्यांचा पडसाद जोरात आला. मला नावानं ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

१५ फेब्रुवारी

हम्मादचा फोन. मामाच्या पेढीवर खजूर विकतो. इकडचं गवत कसं आहे, विचारत होता. मला राहवलं नाही. सांगून टाकलं — बी मी मुद्दाम पेरलं नाही.

“माहीत होतं,” म्हणाला. “ऑक्टोबरपासून.”

“मग बोलला का नाहीस? कोठाराची किल्ली तुझ्याकडेही होती. स्वतः का नाही पेरलंस?”

आधी कुणा गिऱ्हाइकाला खजुराचा भाव सांगितला. मग म्हणाला, “मला वाटलं, शेवटी तू पेरशील.”