पाच पावलं मागे

२ जानेवारी, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं
खिडकीत बसून बुटांना पॉलिश करत होतो, तेवढ्यात घरमालकीणबाईंनी चहा आणला. मला मावशीच म्हण, म्हणाल्या. खोली झकास आहे. शेजारच्या खोलीत काका असतात. पाठीत वाकलेले, पण फार हसरे. नुसतं नाव सांगितलं तरी हसले. चालताना टाचा टेकवत नाहीत. कुणाची झोप मोडू नये म्हणून असावं.
कारखान्यात मँगनीजचं काळं खनिज दळतात. दगड कसला, हात लावला की काजळ! पूड चाळून पोत्यांत भरायचं माझं काम. हेडक्लार्क म्हणाले, अक्षर मोत्यासारखं आहे, सहा-आठ महिने चाळणीवर काढ, मग ऑफिसात घेतो. तसं झालं की धाकटीला इकडे आणीन. आई गेल्यापासून ती आत्याकडे मोलकरणीसारखी राबते आहे.

९ जानेवारी, सोमवार
शनिवारी पगाराआधी मुकादमाने सगळ्यांना रांगेत पाच पावलं उलटं चालायला लावलं. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, नवरदेव, सरळ काय गाढवही चालतं. सगळे खो-खो हसले. मग एक जण तिसऱ्या पावलाला उताणा पडला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आज त्याच्या चाळणीवर दुसराच माणूस होता.

१४ मार्च
बोटांचं काळं निघत नाही. मावशींनी लिंबू दिलं. काका माझ्या बोटांकडे बघून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मावशी उठून आत गेल्या.

२ जून
अक्षर बारीक पडतं आहे. ओळ नीट सुरू करतो, शेवटी मुंग्या होतात. हेडक्लार्कना विचारलं, ऑफिसात कधी घेता? थांब थोडं, म्हणाले. बघत होते माझ्या पायांकडे.

१९ जुलै
मावशींना विचारलं, तुमचे यजमान पूर्वी काय करायचे? त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणाल्या. काका म्हणतोस तो माझा मुलगा. सव्विसावं लागलं. तुझ्याच चाळणीवर होता.
आधी का नाही सांगितलंत?
सांगितलं असतं तर खोली घेतली असतीस का, बाळा? तुझ्या भाड्यात त्याचं औषध येतं.

२० जुलै
डॉक्टर म्हणाले, ती काळी पूड डोक्यात भिनली आहे, चाल-अक्षर-हसू सगळं त्यानेच, काम सोडा. सोडल्यावर बरं वाटेल ना, विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

६ ऑगस्ट
काल दुसऱ्याच पावलाला पडलो. मुकादमाने उठवून फाटकापर्यंत आणून सोडलं. कुणी हसलं नाही.
धाकटीला पत्र टाकलं. आत्याकडेच राहा, कशीही राहा, पण इकडे येऊ नकोस.

२१ ऑगस्ट
धाकटी आली. पत्रातलं एकही अक्षर लागेना, म्हणून घाबरून निघाली म्हणते. परत जा म्हणायचं होतं — हसू आलं. थांबेना. तीही हसली. म्हणाली, दादा, किती आनंदात आहेस रे.

२३ ऑगस्ट
माझी जागा तिला — हेडक्लार्क म्हणाले, अक्षर छान, सहा-आठ महिने —
मावशी चहा ठेवायला आत गेल्या. धाकटी म्हणते, तू बस आता, मी आहे ना. मी तिच्यामागे जिन्यापर्यंत — टाचा टेकेनात —

२६ ऑगस्ट, शनिवार
धाकटी पाच पावलं उलटं चालली. गंमतच आहे म्हणते तुमच्याकडे. बोटं पुढे केली — काळी. कशाने जातं रे, दादा? सांगायला तोंड उघडलं — हसलो — इतका, की डोळ्यांतून